स्पीकरवरची आई

ग्रंथपालांचा उजवा गाल इतका सुजला होता की एका बाजूने पाहिलं तर ते रागावलेले दिसत होते आणि दुसऱ्या बाजूने पाहिलं तर नेहमीसारखे. दातांच्या डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत ते गालाला रुमाल लावून बायकोशेजारी बसले होते. डॉक्टर उद्यापासून रजेवर जाणार होते. आज नंबर हुकला तर ही दाढ घेऊन आठवडा काढावा लागणार होता.

खोलीत शांतता होती. आतून मधूनच मशीनची किर्र ऐकू येई, की बाहेरचे सगळे एकदम आपापल्या चपलांकडे बघू लागत. समोर जाड मिशीचे एक गृहस्थ वर्तमानपत्र उघडून बसले होते, पण पान उलटत नव्हते. त्यांच्या शेजारी सोनेरी काड्यांचा चष्मा घातलेल्या एक बाई डोळे मिटून बसल्या होत्या.

तेवढ्यात दार ढकलून एक उंच, घामाघूम झालेला माणूस आत आला. त्याच्या हातात फोन होता, आणि फोनमधून एका म्हाताऱ्या बाईंचा खणखणीत आवाज येत होता, अख्ख्या खोलीला पुरेल असा.

"अरे, उचललं! आता काय करू?"

"उचल आणि ढकल, आई. उचल आणि ढकल."

"उचलू की ढकलू? एक काय ते सांग."

"दोन्ही!"

"दोन्हीला दोन हात लागतात. एका हातात तू आहेस."

चष्म्यातल्या बाईंनी डोळे उघडले. मिशीवाल्यांनी वर्तमानपत्र जरा जोरात झटकलं. तो माणूस मात्र खोलीच्या मधोमध उभा राहून फोन तोंडासमोर आरशासारखा धरून ओरडत होता, "खालून, आई! खालून उचल!"

अशा वेळी खोलीतला प्रत्येक जण दुसरं कुणीतरी बोलेल म्हणून वाट बघत असतो. ग्रंथपालही बघत होते. बायकोने कोपराने ढोसलं.

"सांगा की त्याला."

"मी?"

"मग कोण? उभा जन्म लोकांना गप्प करण्यात गेला ना तुमचा?"

हे खरं होतं, आणि नव्हतंही. वाचनालयात ग्रंथपालांनी नुसती मान वर केली तरी टेबलाच्या पार टोकाची कुजबुज थांबायची. पण तिथे त्यांची खुर्ची होती, मागे पाटी होती. वाचनालयाची पायरी उतरली की त्यांचा सगळा दरारा तिथेच राहायचा. एकदा बसमध्ये शेजारच्या माणसाने आपली ओली छत्री त्यांच्या मांडीवर ठेवली होती, तर ती त्यांनी शेवटच्या स्टॉपपर्यंत सांभाळली होती आणि उतरताना त्या माणसाला आठवणीने दिली होती.

"अहो, जा ना," बायको म्हणाली. "का मी जाऊ?"

बायको गेली तर काय होईल हे ग्रंथपालांना माहीत होतं. ते उठले. मनातल्या मनात त्यांनी वाक्य जुळवलं, त्यातले बोचणारे शब्द काढून टाकले, आणि उरलं ते घेऊन ते त्या माणसासमोर उभे राहिले.

"माफ करा हं. तुमचं महत्त्वाचं काही असेल, पण इथे सगळेच जरा दुखण्यातले आहेत. बाहेर जिन्यात जाऊन बोललात तर... म्हणजे, बरं होईल."

त्या माणसाने एकदम जीभ चावली. "हो हो. सॉरी. माझ्या लक्षातच आलं नाही." आणि तो खरंच बाहेर गेला.

दार बंद झालं. काय ती शांतता! मिशीवाले उठून आले आणि त्यांनी ग्रंथपालांचा हात हातात घेतला. "छान केलंत. कुणीतरी बोलायलाच हवं होतं."

"वळणच राहिलं नाही हल्ली लोकांना," चष्म्यातल्या बाई म्हणाल्या. "चारचौघांत कसं वागावं, याची पोच म्हणून नाही."

बायकोने पर्स उचलून मांडीवर घेतली आणि ग्रंथपालांना बसायला ऐसपैस जागा करून दिली. तिच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळच होतं. ग्रंथपालांना दाढ कमी ठणकत असल्यासारखी वाटली. आता लिफ्टमध्ये मोठ्याने गाणी लावणाऱ्या त्या वरच्या मजल्यावरच्यालाही एकदा गाठायला हरकत नाही, असं त्यांच्या मनात आलं.

दार पुन्हा उघडलं. तोच माणूस. चेहरा पांढराफटक.

"कट झाला," तो म्हणाला. "जिन्यात रेंजच नाहीये. आता लावतोय तर ती उचलत नाहीये."

"येईल हो परत फोन," मिशीवाले म्हणाले.

"तिला लावता येत नाही. आलेला घेता येतो फक्त. आई गॅलरीत अडकलीये. कपडे वाळत घालायला गेली आणि दार मागे लागलं. ते दार खालून उचलून ढकललं की उघडतं नेहमी, तेच सांगत होतो." त्याने पुन्हा नंबर लावला. "आणि आत गॅसवर दूध आहे."

खोलीतली सगळी डोकी सावकाश ग्रंथपालांकडे वळली.

"तुम्ही तरी काय हो," मिशीवाले म्हणाले, "असं एकदम बाहेर कशाला काढायचं माणसाला?"

"आधी विचारावं तरी," चष्म्यातल्या बाई म्हणाल्या.

ग्रंथपालांनी आशेने बायकोकडे पाहिलं. "मी आवाज कमी करायला सांगा म्हटलं होतं," ती म्हणाली. "जिन्यात पाठवा कुठे म्हटलं होतं?" आणि तिने पर्स पुन्हा मध्ये ठेवली.

ग्रंथपालांची दाढ दुप्पट ठणकू लागली. त्यांच्या डोळ्यांसमोर एक पातेलं आलं, त्यातलं दूध वर वर येत होतं. ते त्या माणसाला म्हणाले, "शेजारी कुणी?"

"गावाला गेलेत."

"खालच्या मजल्यावर?"

"दुकानं आहेत. दुपारची बंद असतात." तो पुन्हा पुन्हा फोन लावत होता. दोनदा आईने घाबरून भलतंच बटण दाबलं आणि फोन तोडला. तिसऱ्यांदा मात्र आवाज आला.

"मला एकटीला टाकून कुठे गेला होतास?"

खोलीने सुटकेचा श्वास सोडला, आणि मग सगळे एकदमच बोलायला लागले.

"आजी, काच फोडा!" मिशीवाले ओरडले. "कुंडी असेल बघा तिथे!"

"काच कशाला फोडताय, हाताला लागेल! रस्त्यावर कुणी असेल त्याला हाक मारा!" चष्म्यातल्या बाई ओरडल्या. आवाज त्यांचा मिशीवाल्यांपेक्षा वरचढ निघाला.

"कोण आहे रे तिथे? बाजारात आहेस का?" आईने विचारलं.

"दवाखान्यात आहे. आई, त्या म्हणतायत ते बरोबर आहे. जोरात हाक मार."

"मुळीच नाही. भर दुपारची वेळ आहे. समोरच्या घरात तान्हं बाळ आहे, आत्ता कुठे झोपलंय. आपल्यापायी दुसऱ्याला त्रास नको."

"अगं, दूध!"

"वास यायला लागलाय करपल्याचा," आई म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज जरा हलला. "थांब, कठड्यावरून वाकून बघते स्वयंपाकघराच्या खिडकीतून काही दिसतं का."

"नको! आई, वाकू नकोस! मी येतोय, किल्ली आहे माझ्याकडे." त्याने फोन ग्रंथपालांच्या हातात कोंबला. का, ते कुणालाच विचारावं लागलं नाही. "मला स्कूटरवर बोलता येणार नाही. मी पोचेपर्यंत तिच्याशी बोलत राहा. एकटी पडली की घाबरते, आणि घाबरली की वाकते. तिसरा मजला आहे. फोन कानाला लावू नका, तो एकदा पडल्यापासून तसं काही ऐकूच येत नाही. स्पीकरच ठेवावा लागतो." आणि तो जिना उतरून धावत गेलासुद्धा.

ग्रंथपालांनी फोनकडे पाहिलं. परक्या माणसाशी बोलायचं म्हणजे त्यांना आधी दोन दिवस तयारी लागे.

"आजी," ते हळूच म्हणाले.

"कोण?"

"मी... इथेच बसलो होतो."

"ऐकू येत नाही. मोठ्याने बोल. आणि आजी काय म्हणतोस? आवाजावरून तूही काही लहान वाटत नाहीस."

"काकू, तुमचा मुलगा येतोय!"

"काय?"

"मुलगा!"

"काही कळत नाहीये. थांब, वाकून बघते, खाली कुणी आहे का."

"कठड्यापासून लांब व्हा!" ग्रंथपाल ओरडले. आपल्यात एवढा आवाज आहे हे त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं. भिंतीवरची दातांची तसबीर थरथरली. आतलं मशीन थांबलं, दार उघडलं आणि डॉक्टरांनी मास्क खाली करून डोकं बाहेर काढलं.

"कोण ओरडतंय? आत पेशंट आहे माझा. दवाखाना आहे हा!"

"हे," मिशीवाल्यांनी ताबडतोब बोट दाखवलं.

ग्रंथपालांना धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. पण हातातल्या फोनमधून आवाज आला, "झाले लांब. आता पुढे?" आणि पुढे काय, हे बघणं भाग होतं. त्यांनी काकूंना भिंतीला टेकून खाली बसायला लावलं. ऊन लागतंय म्हणाल्या, तर वाळत घातलेली चादर डोक्यावर घ्यायला लावली. चादर ओली आहे, असं उत्तर आलं. मग तर उत्तमच, असं चष्म्यातल्या बाईंनी मधूनच ओरडून सांगितलं. एवढ्यात आतला पेशंट गाल धरून बाहेर आला आणि काउंटरवरच्या मुलीने ग्रंथपालांचा नंबर पुकारला.

"यांना नंतर घ्या ना," बायको म्हणाली.

"नंतर वेळच नाही, मॅडम. हे बाकीचे झाले की सर निघतात मग. आता नाही तर पुढच्या आठवड्यात."

"जा हो, जा तुम्ही आत," मिशीवाले घाईघाईने म्हणाले. "फोनही घेऊन जा."

अशा रीतीने ग्रंथपाल डॉक्टरांच्या खुर्चीत आडवे झाले. फोन बायकोने हत्यारांच्या ट्रेमध्ये ठेवला.

"इथे फोन चालत नाही. बंद करा तो," डॉक्टर म्हणाले.

"बंद नाही करता येणार, डॉक्टर," ग्रंथपाल म्हणाले. " बाई तिसऱ्या मजल्यावर आहेत."

"कोण बाई?"

"मी," ट्रेमधून आवाज आला.

डॉक्टरांनी इंजेक्शन हातात घेतलं आणि पुढे काही विचारायचं नाही असं ठरवलेलं दिसलं. ग्रंथपालांनी तोंड उघडलं. आता बोलणं शक्य नव्हतं. पण गप्प बसलो तर त्या घाबरणार, आणि घाबरल्या की वाकणार. त्यांच्या कपाळावर घाम आला.

"आहेस ना रे?" काकू म्हणाल्या.

"आं," ग्रंथपाल म्हणाले.

"हां. मग सांगत काय होते, मी टेलिफोन ऑफिसात होते. सगळ्या शहराचे फोन मी जोडून द्यायचे. दुसऱ्याचं बोलणं ऐकायचं नाही, असा कडक नियम होता."

"आं."

"ऐकायचे मी."

डॉक्टरांची सुई क्षणभर हवेत थांबली.

"सगळं नाही हं. भांडणं सोडून द्यायचे. पण एक जोडपं होतं, रोज संध्याकाळी बोलायचं. ती बोलायची, आणि तो नुसता हां, हां म्हणायचा. मला वाटायचं, काय मेलं हे लग्न! आता वाटतं, ऐकत तर होता! आमच्याकडे बघ, फोन केला की पहिलं वाक्य ठरलेलं. आई, पटकन सांग, मी गडबडीत आहे. पटकन सांगण्यासारखं माझ्याकडे काही नसतं रे."

दाराशी उभी असलेली बायको आपल्या नवऱ्याच्या उघड्या तोंडाकडे बघत राहिली.

"आं," ग्रंथपाल म्हणाले, जमेल तेवढ्या मऊपणाने.

"तुझं बरं आहे. मध्ये तोडत नाहीस. ते किर्र काय वाजतंय? बंद करायला सांग जरा, मला माझंच ऐकू येत नाही."

डॉक्टरांनी मशीन बंद केलं.

"आता वासही येईनासा झालाय," काकू म्हणाल्या. बायकोने दाराची चौकट धरली. तिच्या मागे मिशीवाले आणि चष्म्यातल्या बाई केव्हाच येऊन उभे होते. गॅस विझला असेल, की आणखी काही? ग्रंथपालांनी खुर्चीचे हात घट्ट पकडले. एका गालात सुन्नपणा आणि दुसऱ्यात हुंदका, अशी त्यांची अवस्था झाली. फोनमधून नुसता वारा ऐकू येत होता.

मग लांबवर काहीतरी आपटलं. धावणारी पावलं आली. भांडं दणकन मोरीत पडलं, नळ सोडल्याचा आवाज आला, आणि एक दार खालून उचलून जोरात ढकललं गेलं.

"आई! आई, काळं ठिक्कर पडलंय पातेलं, पण गॅस बंद केला. ठीक आहेस ना? ही चादर काय घेतलीयेस? चल, आत चल आधी!"

दवाखान्यात मिशीवाल्यांनी चष्म्यातल्या बाईंचा हात धरला आणि लगेच सोडला. ग्रंथपालांच्या डोळ्यांतून पाणी आलं. डॉक्टरांना वाटलं इंजेक्शन चढलं नाही.

"शू!" ट्रेमधून काकूंचा आवाज आला. "मध्ये बोलू नकोस. दिसत नाही का, फोन चाललाय माझा?"

"अगं पण..."

"जा, हात-पाय धू, पंख्याखाली बस. येते मी." मग आवाज पुन्हा जवळ आला. "हं, तर काय म्हणत होते? ते जोडपं. त्यांचं पुढे काय झालं, सांगू?"

ग्रंथपालांनी वर डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं, हातातलं मशीन ट्रेमध्ये फोनशेजारी ठेवलं, आणि पायाने स्टूल पुढे ओढून ते त्याच्यावर बसले.

"आं," ग्रंथपाल म्हणाले.