मेहकरला अप, दुसरबीडला डाउन

अवसरमोल सरांना नुसतं 'बसा' म्हटलं तर ते बसत नाहीत. उभ्या उभ्याच विचारतात, "डाउन ऑन, का डाउन इन?" बाकावर बसवायचं असेल तर सिट डाउन ऑन, हाताच्या खुर्चीत बसवायचं असेल तर सिट डाउन इन. यजमानानं काय ते एकदाचं ठरवलं की मग सर टेकतात. ते पहिल्यांदा आमच्याकडं चहाला आले तेव्हा माझी बायको गोंधळून म्हणाली, "कुठीही बसा ना सर, आपलंच घर आहे." सरांना हे उत्तर पटलं नाही. शेवटी त्यांनी स्वतःच 'डाउन ऑन द कॉट' असा निकाल दिला. तोवर चहावर साय धरली होती.

सर आमच्या बीबी गावच्या शाळेत इंग्रजी शिकवतात, मी मराठी. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी शेजारी आहेत, त्यामुळं त्यांचं इंग्रजी जे काही सांडतं ते आधी माझ्या अंगावर.

त्यांचं एक ठाम मत आहे. इंग्रजी क्रियापद एकट्यानं घराबाहेर पडत नाही. नुसतं 'गो' म्हणजे काय? माणूस निघाला, पण कुणीकडं? म्हणून त्याच्यामागं आधी दिशेचा शब्द लागतो, अप, डाउन, बॅक, ओव्हर, आणि त्याच्यामागं ठिकाणाशी गाठ घालून देणारा, टू, फ्रॉम, ऑफ. गो बॅक टू. कम आउट ऑफ. रन अवे फ्रॉम. "नवरी सासरी जाते तं संगं पाठराखीण जाते का नाही?" सर विचारतात. "तसंच हे. एकट्यानं भागत नाही, भाऊ." हे 'एकट्यानं भागत नाही' दिवसातून किती वेळा ऐकावं लागतं ते विचारू नका. खडू संपला तरी तेच, डब्यात नुसतं वरण आलं तरी तेच.

हा माणूस स्वतः मात्र लग्नाच्या भानगडीत पडला नाही. घरात तो आणि त्याची म्हातारी आई, दोघंच.

वर्गात फळ्यावर हे शिकवता येत नाही असं सरांचं म्हणणं. ते पोरांना मैदानात नेतात. तिथल्या लिंबाच्या ओट्यावर पोरं अप ऑन टू चढतात, डाउन ऑफ उड्या मारतात, पाण्याच्या टाकीमागं राउंड बिहाइंड पळतात. एकदा एक पोरगं आउट ओव्हर द वॉल गेलं ते थेट दुसऱ्या दिवशीच शाळेत उगवलं. हेडसरांनी जाब विचारला. सर म्हणाले, "वाक्य बरोबर होतं, सर. त्यात फक्त बॅक टाकाचं राहून गेलं."

हेडसर आणि त्यांचं जमत नाही, त्याला कारण आहे. हेडसर दुसरबीडचे. आणि सरांनी आसपासच्या गावांना दिशा वाटून दिल्या आहेत: मेहकर अप, लोणार ओव्हर, दुसरबीड डाउन. पोरं मोठमोठ्यानं 'डाउन टू दुसरबीड' घोकायला लागली तेव्हा हेडसर वर्गात शिरले आणि म्हणाले, "आमचंच गाव काऊन डाउन? मेहकरले काय सोन्याचं पाणी लागलं?" सरांनी समजावलं की यात मानपान नाही, नुसती दिशा आहे. हेडसरांना ते कधीच पटलं नाही. त्यात सर एकदा स्टाफरूममध्ये म्हणाले की हेडसरांचं अख्खं आयुष्य या दोन शब्दांवर चाललंय, कारण ते रोज दुसरबीडहून अप-डाउन करतात. सगळे हसले. हेडसरांनी त्या दिवशी चहा घेतला नाही.

पण खरा वांधा झाला तो एसटी स्टँडवरून.

गेल्या वर्षापासून सर रोज संध्याकाळी स्टँडवर जाऊन बसायला लागले. बसून गाड्यांचं धावतं वर्णन करायचं, इंग्रजीत, आणि तेही खड्या आवाजात. मेहकरची गाडी आली की, "शी इज कमिंग डाउन फ्रॉम मेहकर." जालन्याची निघाली की, "शी इज गोइंग ऑन डाउन टू दुसरबीड." परगावची माणसं त्यांनाच चौकशी खिडकी समजून गाड्या विचारायला लागली. सोबत आई असायची. नऊवारी नेसलेली, हातात पिशवी, बाकाच्या कडेला बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत. शेवटची जालना गाडी गेली की सर उठायचे, आईचा हात धरायचे आणि समारोप करायचे, "अँड नाउ, वी गो बॅक ओव्हर टू अवर हाउस." रोज हेच वाक्य, याच चालीत. रिक्षावाले पोरगे ते मागून म्हणायचे. पानटपरीवर तर ठरूनच गेलं होतं, की दुसरं कोणी ऐकत नाही म्हणून मास्तर श्रोता घरून आणतो. हे मीही चारचौघांत सांगून टाळ्या घेतल्या आहेत.

हेडसरांची गाडी नेमकी तीच, जालन्याची. रोज खिडकीत बसून हा सोहळा पाहायचा आणि गाडीतल्या माणसांचं हसू ऐकायचं. एक दिवस त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, शाळेचं नाव खराब होऊन राह्यलं, पालक विचारतात की हा शिक्षक आहे का भोंगा. तुम्ही त्यांच्या शेजारी बसता, तुम्हीच समजवा. नाही ऐकलं तर मी संस्थेला कळवतो.

मी समजवायला गेलो. माझी अपेक्षा होती की सर तासभर वाद घालतील, चार उदाहरणं देतील. त्यांनी काही केलं नाही. खाली पाहत एवढंच म्हणाले, "ते मले बंद नाही करता येत, भाऊ." का, ते सांगितलं नाही. नोकरीवर बेतेल म्हटलं, तर म्हणाले, हाव, माहीत आहे. मला त्यांचा रागच आला. इतका हट्ट, आणि कशापायी?

त्याच आठवड्यात सरांना प्रशिक्षणासाठी मेहकरला जावं लागलं. संध्याकाळी मी केळी घ्यायला स्टँडवर गेलो होतो. जालना गाडी लागलेली होती, हेडसर रजेवर म्हणून त्या दिवशी तिच्यात नव्हते, आणि तिच्या पायरीवर एक पाय ठेवून सरांची आई उभी होती. एकटीच.

कंडक्टर घाई करत होता. मी गेलो आणि विचारलं, "आजी, कुठं निघाल्या?"

"माहेरी. दुसरबीडले," त्या म्हणाल्या. "भाऊ न्याले येनार व्हता. आलाच नाही."

त्यांचा भाऊ वारल्याला बरीच वर्षं झाली. सरांनी तेव्हा रजा काढली होती, त्यांचे तास मीच घेतले होते. मी म्हटलं, आजी, थांबा, सर येतीलच आता.

"कोनते सर?"

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं बाजारात अनोळखी माणसाकडं पाहतात. मी त्यांचा हात धरायला गेलो तर त्यांनी तो झटकला. गाडीतल्या बायका माझ्याकडं संशयानं बघायला लागल्या. कंडक्टर म्हणाला, "चढाचं तं चढू द्या न बे त्याईले." त्यानं दोरीला हात घातला आणि म्हातारीनं दुसरा पाय उचलला. मला दुसरं काहीच सुचेना. मी मराठीचा माणूस, भर स्टँडवर, हातात केळी घेऊन, जमेल तेवढ्या मोठ्या आवाजात म्हणालो, "अँड नाउ, वी गो बॅक ओव्हर टू अवर हाउस."

रिक्षावाल्यांत एकच हशा पिकला. कोणीतरी म्हणालं, "घ्या, बीबीत आता दोन झाले." पण म्हातारी थांबली. पाय खाली घेतला. मग हात पुढं केला आणि म्हणाली, "हाव, चाल बापा. लय उशीर केला."

गाडी गेली. आम्ही बाकावर बसलो. थोड्या वेळानं मेहकरची गाडी आली आणि पुरती थांबायच्या आत सर तिच्यातून उतरले. शेजारणीचा फोन गेला होता. म्हातारी घरात नाही म्हणून. आईला माझ्याजवळ पाहिलं आणि ते येऊन बसले. डाउन ऑन, डाउन इन, काही विचारलं नाही.

मग सांगू लागले. उन्हं उतरली की ती माहेरी निघते. कडी लावली तर दारावर डोकं आपटते. एकदा निसटून दुसरबीडला पोचली होती. माहेरच्या घराच्या जागी आता हार्डवेअरचं दुकान आहे. त्या दुकानासमोर उभी राहून भावाला हाका मारत होती आणि बघे गोळा होऊन हसत होते.

"तवापासून मीच आनतो तिले स्टँडवर," सर म्हणाले. "गाडी गेलेली डोयानं पाह्यली का शांत होते, म्हनते, उद्या जाऊ. माह्यं नाव नाही राह्यलं तिच्या ध्यानात. पन ते वाक्य म्हटलं का तिले वाटते, हा घरचा माणूस आहे."

मी विचारलं, मग एवढ्या मोठ्यानं कशाला? लोक हसतात.

"हसू द्या ना. माह्यावर हसता हसताच त्याईची गाडी निघून जाते. तिच्यावर हसाले कोनाले टाइम राह्यत नाही."

मी केळ्यांच्या घडातलं एक केळं सोलून म्हातारीला दिलं. मग सर म्हणाले, चाचरत, आजवर कोणाकडं काही न मागितलेल्या माणसासारखे, "उद्या बी ट्रेनिंग आहे. तुमी याल काय? एकट्यानं नाही भागत."

दुसऱ्या दिवशी हेडसरांना मी सांगून टाकलं की सर ऐकत नाहीत आणि ऐकणारही नाहीत. संस्थेला कळवायचंच असेल तर आज संध्याकाळपर्यंत थांबा, आणखी एक नाव घालता येईल. त्यांना काही कळलं नाही.

संध्याकाळी मी आजींना घेऊन बाकावर बसलो. मेहकरची गाडी आली, तिचं वर्णन माझ्याच्यानं जेमतेम झालं. मग जालन्याची लागली. हेडसर चढले, खिडकीशी बसले, आणि मला पाहून त्यांचं तोंड उघडंच राहिलं. मी उभा राहिलो, घसा साफ केला आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं ओरडलो, "अवर हेडसर इज गोइंग बॅक डाउन टू दुसरबीड."

सगळी गाडी हसली. रिक्षावाले हसले, टपरीवाला हसला, कंडक्टरसुद्धा हसला. आजी माझ्या शेजारी बसून शेंगा सोलत होत्या, आणि त्यांच्याकडं कोणीही पाहत नव्हतं.