बायकोच्या आवडीचा बिनचूक वक्र

"शनिवारी सकाळी दहाच्या ठोक्याला अर्थशास्त्र बदलणार आहे," असं समजासरांनी बुधवारीच घरात जाहीर केलं. शिलाई मशीनवर बसलेल्या त्यांच्या बायकोने मान वर न करता विचारलं, "मग डबा किती वाजता हवाय?"

समजासर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते विद्यार्थ्यांनी ठेवलेलं. अठरा वर्षं कॉलेजात अर्थशास्त्र शिकवताना सरांचं एकही वाक्य 'समजा' म्हटल्याशिवाय सुरू झालं नव्हतं. समजा, एका ग्राहकाकडे वीस केळी आहेत. समजा, त्याला एक सफरचंद दिलं. हे नाव कानावर आलं की सरांच्या नाकाला मिरच्या झोंबत. पण खरं सांगायचं तर दोष त्यांचा नव्हता, तटस्थता वक्राचा होता.

हा वक्र म्हणजे फार अवघड प्रकरण आहे असं नाही. दोन वस्तूंच्या अशा जोड्या घ्यायच्या, की त्यातली कुठलीही मिळाली तरी माणूस सारखाच खूश. त्या जोड्यांचे ठिपके कागदावर मांडायचे आणि जोडायचे. रेघ वरून खाली उतरते आणि उतरताना आत वळून छान खोलगट होते. कारण हातात सफरचंदं वाढत गेली, की पुढच्या सफरचंदासाठी माणूस आधीपेक्षा कमी केळी सोडायला तयार होतो. झालं. अडचण एवढीच, की पुस्तकांतले आकडे सगळे मनाने घातलेले. तो ग्राहक आजवर कोणाला बाजारात भेटलेला नाही.

सरांनी मात्र खऱ्या माणसाचा वक्र काढला होता. खरा माणूस म्हणजे अर्थातच बायको, कारण दुसरं कोणी सकाळी सात वाजता त्यांच्या प्रश्नांना उभं राहिलं नसतं. आणि नव्या पाठ्यपुस्तकासाठी आकृत्या निवडणारी समिती शनिवारी कॉलेजात यायची होती. वक्र पसंत पडला, तर तो पुस्तकात छापला जाणार, खाली सरांच्या नावासकट. सरांचं नाव आजवर एकदाच छापून आलं होतं, टेलिफोनच्या यादीत, आणि तेही चुकीचं. तेव्हा त्यांची छाती चार बोटं फुगली असेल, तर तुम्हीआम्ही नावं ठेवायचं कारण नाही.

प्रयोगाची सुरुवात मात्र वाईट झाली होती.

"समजा, तुझ्याकडे वीस केळी आणि एक सफरचंद आहे," सरांनी पहिल्या दिवशी चहा पिता पिता विचारलं. "मी तुला आणखी एक सफरचंद देतो. त्याच्या बदल्यात किती केळी सोडशील? म्हणजे आधीइतकीच खूश राहशील, जास्त नाही, कमी नाही."

"सगळी घ्या."

"सगळी कशी? नीट विचार कर."

"विचार करूनच सांगतेय. सफरचंद नाही दिलंत तरी चालेल, पण केळी न्या."

सरांनी वहीत लिहिलं, 'ग्राहकाला प्रश्न समजला नाही.' दुसऱ्या दिवशी त्यांनी तोच प्रश्न वेगळ्या आकड्यांनी विचारला, आणि हाही ठिपका कागदाच्या पार कडेला जाऊन बसला. त्या दिवशी सर जेवले नाहीत. आलेख कटिंगच्या टेबलावर टाकून ते खिडकीशी उभे राहिले आणि गल्लीत जाणाऱ्या प्रत्येक माणसाकडे, हा तरी नीट उत्तरं देईल का, अशा नजरेने बघत बसले.

तिसऱ्या सकाळपासून मात्र चक्रं फिरली. बायकोने कापडावरून हात काढून आलेख समोर ओढला, ठिपक्यांकडे डोळे बारीक करून बघितलं, कागदावर एका जागी बोट टेकवलं आणि म्हणाली, "आठ सोडीन."

"आणि पुढच्या सफरचंदाला?"

बोट थोडं खाली सरकलं. "पाच."

मग तीन. मग एक. सर लिहीत गेले. वीस, बारा, सात, चार, तीन. ठिपके जोडले, तर असा वक्र उतरला, की सरांनी दोनदा चष्मा पुसला. निसर्गाने त्यांच्या घरात, शिलाई मशीनशेजारी, अर्थशास्त्र सिद्ध करून दाखवलं होतं. त्या दिवशी ते चार घास जास्त जेवले आणि बायकोकडे बघून म्हणाले, "तुझ्यासारखी सुसंगत ग्राहक लाखात एक." बायकोने अजून आमटी वाढली, एवढंच.

शनिवारी हॉल भरला. पहिल्या रांगेत प्राचार्य आणि समितीच्या अध्यक्षबाई, तिसऱ्या रांगेत बायको. टेबलावर सरांनी स्वतः आणलेल्या दोन टोपल्या. एकीत बारा केळी आणि दोन सफरचंदं, दुसरीत चार केळी आणि चार सफरचंदं. फळ्यावर मोठ्ठा वक्र.

"आज मी 'समजा' म्हणणार नाही," सर म्हणाले, आणि मागच्या बाकांवर टाळ्या पडल्या. पाऊण तास ते असे बोलले, की प्राचार्यांनीही एकदाच घड्याळ पाहिलं. शेवटी त्यांनी टोपल्यांकडे हात केला. "या दोन्ही माझ्या पत्नीला अगदी सारख्या. निवडायला सांगितलं, तर तिला नाणं उडवावं लागेल."

अध्यक्षबाई उठल्या. चाळीस वर्षं गणित शिकवलेली बाई, कोणाच्या शब्दावर जायची सवयच नाही. "वहिनी, जरा पुढे येता? यातली एक टोपली तुम्हाला भेट. कुठलीही उचला."

बायकोने सरांकडे पाहिलं. सरांनी अभिमानाने मान हलवली. तिने दुसरी टोपली उचलली, मग जरा थांबून तिच्यातली चारही केळी एकेक करून काढली, पहिल्या टोपलीत नीट रचून ठेवली आणि सफरचंदं घेऊन जागेकडे निघाली.

"केळी राहिली," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"असू द्यात. मला नाही चालत केळी. वासानेच डोकं उठतं."

लग्नाला बावीस वर्षं झाली होती, आणि घरातली केळी कोण खातं हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता. ती केळी तेच खात होते.

"मग ही उत्तरं?" अध्यक्षबाईंनी फळ्याकडे बोट दाखवलं. "आठ, पाच, तीन, एक?"

आता तिलाही लपवणं जड गेलं. ती फळ्याशी आली आणि तिने खडू घेतला. "मी फ्रॉक शिवते. बाही जोडतो ना, त्या मुंढ्याची गोलाई अशीच असते. खांद्यावरून खाली यायची, आत खोल जायची आणि काखेखाली बाहेर पडायची. यांचे पहिले दोन ठिपके भलतीकडेच होते. तसा मुंढा कापला, तर मुलीला हात वर करता येणार नाही. मला बघवेना. मग मी मुंढा नीट बसेल तिथे बोट ठेवलं आणि तिथवर जितकी केळी घटत होती, तो आकडा सांगितला." तिने वक्राच्या मध्यावर खडूने हलकीशी रेघ मारली. "इथे अजून एक सूत खोल हवा होता. पण तिथे अर्धं केळं सांगावं लागलं असतं."

हॉल एवढा हसला, की शेजारच्या वर्गातले शिक्षक डोकावून गेले. सर टोपलीमागे उभे राहून केळी मोजू लागले.

अध्यक्षबाई मात्र हसल्या नव्हत्या. त्या बराच वेळ फळ्याकडे बघत होत्या. "सर, अर्थशास्त्राच्या पुस्तकात हा वक्र घेता येणार नाही," त्या म्हणाल्या. मग बायकोकडे वळल्या. "वहिनी, शिवणकामाचं पुस्तकही आमच्याचकडे आहे. मुंढ्याची धड आकृती आम्हाला वर्षभर मिळत नाहीये."

घरी जाताना सरांनी विचारलं, "मी जेवलो नाही म्हणून खोटं सांगितलंस ना? माझ्यासाठी?"

तिने प्रामाणिकपणे विचार केला. "आधी मुंढ्यासाठी," ती म्हणाली. "मग तुमच्यासाठीही."

सहा महिन्यांनी शिवणकामाचं पुस्तक आलं. पान सत्तेचाळीसवर भलीमोठी आकृती, मधली खोली एक सूत वाढवलेली, आणि खाली ठळक अक्षरांत तिचं नाव, एकही चूक नसलेलं. सरांनी सहा प्रती घेतल्या. अभिमानाने त्यांचा ऊर खरंच भरून आला होता, त्यात कसलंही नाटक नव्हतं. स्टाफरूममध्ये येईल त्याच्यासमोर ते पान उघडून धरतात आणि सांगतात, "माझी बायको. एका नजरेत गोलाई ओळखते." समोरचा वाहवा करतो. मग सर पुस्तक मिटतात, आणि तो उठून जायला लागला, की हळूच म्हणतात, "ठिपके मी काढले होते."