रावजीचं गाळीव पाणी

उरणच्या अलीकडे खाडीकाठी आमची इवलीशी म्युनिसिपालटी होती, तिथं रावजी आरोग्य खात्यात नोकरीला होता, पण हंगामी. कायम व्हायचं तर काहीतरी करून दाखवायला हवं! चौतीस सालच्या वैशाखात बाजारातली विहीर तळाला गेली, तसा तो कमिटीपुढे छाती काढून म्हणाला, "पंधरा दिवसांत गटाराचं पाणी तुम्हाला पाजून दाखवतो. जमलं नाही तर राजीनामा!"

परसात मडक्यांची उतरंड लागली. वर खडी, मग धुतलेली रेती, मग कोळसा. गळालेलं पाणी तासभर उकळायचं, वर ब्लीचिंग पावडरीची चिमूट. शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या, बायको सोनाबाई पदर नाकाला लावून वावरू लागली. पण चौदाव्या दिवशी पाणी असं निघालं की हंड्याच्या तळाचा डाग दिसावा. रावजी आधी स्वतः तांब्याभर प्यायला आणि सकाळी ठणठणीत उठला.

कमिटी घरी आली. सोनाबाईनं गूळ ठेवला, पेले भरले. अध्यक्ष शिवदासशेठांनी डोळे मिटून, कुलदैवताचं नाव घेऊन घोट घेतला आणि म्हणाले, "अमृत आहे हो!" मग सगळ्यांनीच पेले रिकामे केले. एक बाटली लाखेनं बंद करून मुंबईला तपासणीला गेली. अहवाल आला की कायम नोकरीचा हुकूम, असं ठरलं.

आठवड्यानं अहवाल आला. 'मैल्याचे जंतू. पिण्यास सर्वथा अयोग्य.' अध्यक्षांच्या पोटात त्याच क्षणी कळ आली. रावजीला शब्दाप्रमाणे राजीनामा द्यावा लागला.

घरी येऊन तो मडक्यांपुढे मटकन बसला. उकळलेल्या पाण्यात जंतू आले कुठून? सोनाबाई बराच वेळ चुलीत उगाच लाकूड सारत होती. शेवटी म्हणाली, "दारी आलेल्या मानसाला गटाराचं पानी कसं देऊ, वो? तुमचं मी माडाला घातलं. त्यांना बाजारातल्या विहिरीचं दिलं, तुरटी फिरवून. बाटलीत पन तेच."

रावजी चप्पल घालून धावला. गावाला सांगायलाच हवं होतं! पण कचेरीच्या दारावर ताजा ठराव चिकटवलेला होता: 'यापुढे सर्वांनी फक्त बाजारातल्या विहिरीचेच पाणी प्यावे.' आत जाऊन त्यानं सगळं सांगितलं, तेव्हा नोकरी गेल्यानं याचं डोकं फिरलं, असं म्हणून शिपायानं त्याला बाहेर आणून सोडलं.

तेव्हापासून रावजीच्या घरी दोघंही गुपचूप गटाराचंच पाणी पितात. पाहुणा आला की सोनाबाई आजही घागर घेऊन विहिरीवर जाते.