चिंतामणी वायर

"रिक्षा अजिबात करू नका, स्टेशनवर आपली गाडी उभी असेल!" लेकीच्या, दीक्षाच्या, होणाऱ्या सासऱ्यांना सीताराम वासनिकांनी हे फोनवर अशा ऐटीत सांगितलं होतं, की गाडीला ड्रायव्हरही असावा असं वाटावं. रविवारी सकाळी बॉनेट उघडलं, तर घुशीनं इंजिनच्या वायरिंगचा जुडगा कुरतडून त्याची पार शेव करून ठेवलेली.

नागपूरची गाडी यायची वेळ झालेली. अभय मेकॅनिक रविवारी फक्त फोनवर भेटत असे.

"सोपंय, काका. टोकं सोला, सांगतो तशी जोडा, वर चिकटपट्टी मारा. आधी जांभळी शोधा."

सीतारामरावांच्या जमाखर्चात रंग तीनच: लाल, निळा आणि किरकोळ. त्यांनी फोन बायकोकडे दिला.

"जांभळी एकही नाही," ललिताबाई वाकून म्हणाल्या. "एक वांगी आहे, एक अंजिरी."

"काकू, मी वायरिंगचं विचारतोय, मंडईचं नाही."

"रंगच सांगतेय रे! ही मोतिया, ही चिंतामणी. ही डाळिंबी, पण विटलीय."

"चिंतामणी म्हणजे?"

"साडीच्या दुकानात गेला नाहीस कधी? लग्न व्हायचंय वाटतं तुझं?"

व्हायचं होतं. अभयचा धीर तिथेच सुटला. "बरं, चिंतामणीला अंजिरी जोडा. चालेल ना?"

"चालेल काय, खुलून दिसेल!"

गाडी सुरू झाली. फाटकाशी सीतारामरावांनी ब्रेक दाबला आणि हॉर्न ठणाणला.

"अहो, हॉर्न कशाला?"

"ब्रेक दाबलाय मी!"

"मग नका ना दाबू!"

येताना व्याही रंगराव पुढे बसले. ब्रेक लागला की हॉर्न, डावीकडचा इंडिकेटर दिला की कोरड्या काचेवर वायपर. पुढचे स्कूटरवाले मागे वळून काहीबाही बोलत, पण बाजूला होत. रंगराव दर हॉर्नला सीतारामरावांच्या पायाकडे बघत. सोयरीक कोथरूडच्या घरापर्यंत तरी टिकते का, या काळजीनं सीतारामरावांना घाम फुटला. सोसायटीत शिरताना शेवटचा ब्रेक असा वाजला, की सगळे बिऱ्हाडकरू गॅलरीत आले.

रंगराव उतरले. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि सीतारामरावांना कोपऱ्यात घेतलं.

"इवाई, खरं सांगा. हे वायरिंग कोनाकडून केलं?"

"का हो?" सीतारामरावांनी विचारलं.

"आमच्याबी गाडीले करून द्या ना. आमच्या गाडीत ब्रेक दाबला का नुसती थांबते."