साळिंदरीण आणि बिनरांगेची मुळी

एका जंगलात, बाळांनो, जमिनीखाली एक भलंमोठं कोठार होतं. सगळ्यांचं दाणापाणी, औषधं तिथेच असायची. आतल्या अंधारात फक्त घूस वावरायची. दहा मागण्या एकदम सांगा, ती वाटेतलं आधी उचलून एकाच फेरीत सगळं आणून देई.

पण एकदम सांगू देतो कोण? दारात कोल्हा बिल्ले वाटून रांग लावायचा. पुढे बगळा ती रांग मोडून आपली वेगळी लावायचा. मग एकेक मागणी आत जायची. शेंगा आणून झाल्या की शेंगांशेजारच्याच गुळासाठी घूस पुन्हा तेवढी वाट तुडवायची. तीन-तीन दिवस लागत. तुमच्या संगणकाच्या पोटातही कधीकधी असंच चालतं म्हणे.

शेवटी घूस वैतागून सिंहाकडे गेली. "महाराज, या दोन्ही रांगा काढा. आत मी माझी लावतेच की!"

सिंहाने काढल्या. मला हा सिंह फार आवडला.

दुसऱ्याच दिवशी साळिंदरीण धापा टाकत आली. तिचं पिल्लू तापाने फणफणलं होतं. "घूसबाई, तापाची मुळी द्या हो!" म्हणेपर्यंत मुळी हातात आली. तशीच ती अस्वलवैद्यांकडे धावली.

वैद्यबुवांनी मुळी उलटसुलट करून पाहिली. "बिल्ला कुठाय?"

"आता बिल्ला नसतो, वैद्यबुवा."

"किती वेळ उभी होतीस?"

"उभी राहावंच लागलं नाही."

"मग ही खरी कशावरून?"

साळिंदरिणीलाही ते पटलं. ती कोठाराकडे परतली. तिथे ससे, माकडं, हरणं, सगळे आपापलं सामान घेऊन शंका काढत उभे होते. कोल्हा बिल्ल्यांची पिशवी घेऊन हजर होताच. बगळाही आला. साळिंदरीण हातात मुळी धरून त्याच मुळीसाठी रांगेत उभी राहिली.

"अगं, तुझ्या हातातच आहे ती!" घूस आतून ओरडली.

"गप्प बस गं! माझ्या लेकराच्या जिवाचा प्रश्न आहे."

चौथ्या दिवशी ती बिल्ला घेऊन घरी पोचली, तर पिल्लू अंगणात उड्या मारत होतं. ताप आपसूक उतरला होता. तिला रडूच फुटलं. मग रांगेनेच लेकरू वाचवलं म्हणत तिने जाऊन कोल्ह्याचे पाय धरले.

सिंहानेही चूक सुधारली. दोन्ही रांगा परत आल्या, आणि फार घाई असलेल्यांसाठी आणखी एक निघाली. घुशीची चौकशी अजून चालू आहे.

तात्पर्य : ताटकळत ठेवणाऱ्याचे उपकार मानावेत, लगेच देणाऱ्यावर नजर ठेवावी.