पाच जागी मिशीवाला

सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला जावयाने जुन्या फोटोंचं कोलाज करायला घेतलं, ते एकाच आशेवर: सासऱ्यांच्या तोंडून एकदा तरी 'शाब्बास' ऐकायचं. लग्नाला बारा वर्षं झाली, पण त्या तोंडातून 'हं'च्या पलीकडे काही बाहेर पडलं नव्हतं.

डिंक लागून खराब होऊ नयेत, शेवटी चिकटवू, म्हणून सासऱ्यांचे पाच चेहरे कापून त्याने वेगळ्या पाकिटात ठेवले. पाकीट इतकं जपलं, की ते कात्रणांबरोबर थेट रद्दीवाल्याकडे गेलं. पाहुणे यायला उरला तासभर, आणि फोटोंना पाच भोकं! घरात जुनी मासिकं होती. दर अंकात केसांच्या तेलाची तीच जाहिरात, त्यात तोच हसरा मिशीवाला. जावयाने पाच मिशीवाले कापले आणि भोकांवर चिकटवले.

"लांबून कोणाला कळतंय?" तो बायकोला म्हणाला.

"कळलं तर मी तुला ओळखत नाही," बायको म्हणाली.

लांबून खरंच कोणाला कळलं नाही. पण आत्याबाई चष्मा लावून जवळ गेल्या आणि त्यांनी मिशीवाल्यावर बोट ठेवलं.

"अगं बाई, हा! किती वर्षांनी बघतेय! मला सायकल यानेच शिकवली."

"शिकवली कसली, पाडली होती तुला," काका म्हणाले. "मी उचलून आणलं. हा उभा राहून हसत होता. अस्साच!"

सासूबाईंनी डोळे पुसले आणि त्या जावयावर घसरल्या. "जिथे बघावं तिथे हा माणूस आहे, आणि तुम्हाला त्याला बोलवायचं सुचलं नाही?"

एवढ्यात सासरे उठले. कोलाजसमोर येऊन एकेक फोटो बघत गेले.

"यात मी कुठाय?"

सगळे शोधायला लागले.

"तुम्ही नाहीच आहात," सासूबाई म्हणाल्या. "लग्नाच्या फोटोतसुद्धा माझ्या शेजारी हाच उभा आहे."

आता मात्र मेलो, म्हणत जावयाने खरं सांगायला तोंड उघडलं. पण सासऱ्यांनी आधीच घसा खाकरला.

"मी फोटो काढत होतो."

"स्वतःच्या लग्नात? आणि आपल्याकडे कॅमेरा कधी होता हो?"

सासऱ्यांनी कोलाजकडे पाहिलं. पाचही मिशीवाले त्यांच्याकडे बघून हसत होते.

"त्याचाच होता," ते म्हणाले.

सगळ्यांनी माना डोलावल्या. काकांना तर कॅमेऱ्याचा पट्टासुद्धा आठवला.

सासऱ्यांनी जावयाच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास! आता त्याचा पत्ता तेवढा शोधून काढा. कॅमेरा परत करायचा राहिलाय."