ओ कुणी दिली

हार्ड डिस्क फॉरमॅट केली की दुसऱ्या दिवसापासून माणसं तिची तब्येत विचारायला येतात, तशी ती मगदुमांच्या घरीही आली. इचलकरंजीत यात कुणी कसर ठेवत नाही. गल्लीतल्या रत्नाक्का शहाळी घेऊन आल्या. शेजारच्या काकू बिस्किटांचा पुडा ठेवून गेल्या. डिस्क दिवाणावर उशीला टेकून बसली होती आणि कुणी काही विचारलं की एवढंच म्हणत होती, "बरं आहे. हलकं हलकं वाटतंय."

डिस्क सुनेची, प्रणिताची, माहेरून आलेली. लग्नाच्या व्हिडिओला जागा हवी म्हणून अभिनंदनने ती पुसली आणि मग बायकोला येऊन सांगितलं, बघ, किती मोकळी झाली. त्यात प्रणिताचं कॉलेज होतं, वडिलांनी फोनवर गायलेली भजनं होती. ती "हं" म्हणाली. नव्या सुनेच्या "हं"मध्ये बरंच काही मावतं. तेव्हापासून तिला एका जागी बसवत नव्हतं. चहा ठेवायची आणि साखर घातली का ते विसरायची. काही काम नसताना ओट्यापासून दिवाणापर्यंत येरझारा घालायची.

फॉरमॅटनंतर नाव बदलावं लागतं. अभिनंदनने ताटात तांदूळ पसरून अंगठीने 'मगदूम' लिहिलं आणि ते डिस्कच्या कानात सांगितलं. लग्नात याच ताटात त्याने प्रणिताची 'अभिज्ञा' केली होती. घरात सगळे अभिज्ञाच म्हणत. तिला ते दुसऱ्या हाकेला कळायचं.

तपासायला कुंभोजे आले. ते एरवी कॉम्प्युटर दुरुस्त करतात, पण जिथे फॉरमॅट झालंय त्या घरी त्यांना डॉक्टर म्हणायची पद्धत आहे. त्यांनी डिस्क कानाशी धरली, उलटी करून पाहिली, चक्कर येते का विचारलं.

"गरगर फिरणं हेच माझं काम," डिस्क म्हणाली.

कुंभोजे म्हणाले, नाडी उत्तम आहे, पण नावाची परीक्षा राहिली. नव्या नावाने हाक मारली की ओ यायला हवी. जुन्या नावाला येता कामा नये. आली तर फॉरमॅट लागलेलं नाही असं समजायचं आणि पुन्हा करायचं.

पुन्हा केलं तर काय होतं, हे सासूबाईंनी विचारलं.

"या वयाची टिकत नाही, वहिनी. एकदाच सोसतात."

'मगदूम' म्हटल्यावर डिस्कने शहाण्यासारखी ओ दिली. अण्णांनी, म्हणजे सासऱ्यांनी, समाधानाने मान डोलावली. जुनं नाव मात्र अभिनंदनला आठवेना. ते प्रणितालाच सांगावं लागलं. डिस्क घेतली तेव्हा, कुठे हरवू नये म्हणून, तिने तिला आपलंच नाव दिलं होतं.

"प्रणिता," कुंभोज्यांनी हाक मारली.

डिस्कचा दिवा लुकलुकला. आत काहीतरी फिरू लागलं, शब्द घशाशी आल्यासारखं. सगळ्यांत जवळ प्रणिता उभी होती. तिला ते ऐकू आलं.

"ओ," प्रणिता म्हणाली. मोठ्याने, पहिल्याच हाकेला.

रत्नाक्कांनी शहाळ्याची नळी तोंडातून काढली. कुंभोज्यांनी डिस्क खाली ठेवली, ठणठणीत आहे म्हणून सांगितलं, आणि चष्मा कपाळावर चढवून प्रणिताकडे पाहिलं.

"ओ कुणी दिली?"

"मी."

"यांचं कधी केलं होतं?"

"लग्नातच," अभिनंदन ओशाळून म्हणाला. "नीट केलं होतं हो."

"लागलेलं नाही."

सासूबाई स्वभावाने चांगल्या. पुन्हा केलं तर पोरगी टिकेल ना, असं त्यांनी हळूच विचारलं.

"माणसांचं तसं नसतं, वहिनी. माणसं कितीही वेळा करता येतात. आमच्या हिचं तीनदा झालंय."

मग शुक्रवार ठरला. काही दुखत नाही बघ, म्हणत रत्नाक्कांनी प्रणिताची पाठ थोपटली. "मीसुद्धा आधी कुणी सुमन होते म्हणे."

प्रणिताने एकच विचारलं, आधी काही काढून ठेवता येतं का. कुंभोजे म्हणाले, येतं की, जागा असली म्हणजे झालं.

सगळे चहाला आत गेले. प्रणिता दिवाणावर डिस्कशेजारी टेकली. तिची बोटं गप्प राहत नव्हती, उशीच्या शिवणीतला एक दोरा ओढत होती.

"जागा आहे?"

"सगळी जागाच आहे," डिस्क म्हणाली. "पण लवकर सांग. उद्या लग्नाचा व्हिडिओ येणार आहे. आणि वर नाव काय घालू? तुझं घातलं तर लगेच सापडेल."

प्रणिताने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. आत कपबश्या वाजत होत्या. या घरात काय लिहिलेला डबा कुणी उघडून बघत नाही, हे एव्हाना तिला माहीत झालं होतं.

"किरकोळ," ती म्हणाली, आणि लहानपणी जयसिंगपूरच्या माहेरी खिडकीत कुणी बसायचं यावरून बहिणीशी भांडण झालं होतं, त्या सकाळपासून भराभर सांगायला लागली.